कोपराचे हाड जुळले, मग हात सरळ का होत नाही?

“ताई, डॉक्टर म्हणाले हाड जुळलं. एक्स-रेसुद्धा दाखवला. मग हात सरळ का होत नाही?”

पावसाळा सरत आला की हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. कुणी शेवाळलेल्या पायरीवरून घसरलेले असते, कुणी ओल्या रस्त्यावर दुचाकीसकट आडवे झालेले, कुणी दहीहंडीच्या थरावरून खाली आलेले. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपरेशन होते, प्लेट-स्क्रू बसतात, आणि दसऱ्याच्या सुमारास ही माणसे फिजिओथेरपीच्या खोलीत माझ्यासमोर आखडलेला हात घेऊन बसतात. दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी जखमी गोविंदांचा आकडा वर्तमानपत्रात येतो. दोन महिन्यांनी त्या हातांचे काय झाले, ते कुठे येत नाही.

कोपर मोडल्यावर हाड जुळणे हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे काम ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत घरीच होते किंवा बिघडते. ते बिघडवणाऱ्या दोन गोष्टी मी सतत पाहते. एक म्हणजे भीतीने हात अजिबात न हलवणे, आणि दुसरी म्हणजे घाई करून तो दुसऱ्याकडून ओढून-चोळून घेणे. दोन्ही गोष्टी माणसे चांगल्या हेतूनेच करतात, म्हणून नुकसान का होते ते नीट समजावून सांगायला हवे.

### एका पिशवीत तीन सांधे

बाहेरून कोपर दाराच्या बिजागरीसारखे दिसते. आत मात्र तीन हाडे आणि तीन सांधे एकाच पिशवीत कोंबलेले असतात.

दंडाच्या हाडाचे खालचे टोक विहिरीवरच्या रहाटाच्या चाकासारखे असते, मध्ये खाच आणि दोन्ही कडा उंच. करंगळीच्या बाजूने येणारे हाड या चाकाला पान्यासारखे पकडून बसते. टेबलावर कोपर टेकवल्यावर जे टोक टोचते, ते या पान्याचेच मागचे टोक. हात सरळ होणे आणि दुमडणे हे या जोडीचे काम. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे डोके छोट्या बशीसारखे गोल असते आणि ते जागच्या जागी गरगर फिरते. तळहात वर-खाली करता येतो तो त्याच्यामुळे.

खांद्याचा सांधा सैल असतो. त्याच्या हालचालीत थोडी कमी-जास्त झाली तरी तो सांभाळून घेतो. कोपरात अशी मोकळीक नाही. चाक आणि पाना एकमेकांत इतके घट्ट बसलेले असतात की तुकडे जोडताना एक-दोन मिलिमीटरची पायरी राहिली तरी ती आत घासत राहते.

या सगळ्याभोवती एक पिशवी असते, तिला संधिकोश म्हणतात. मी पुढे पिशवीच म्हणेन. समोरच्या बाजूला ती कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, जवळजवळ आरपार दिसेल इतकी पातळ. तिच्यावर थेट स्नायूचे मांस टेकलेले असते. बहुतेक सांध्यांवरून स्नायूची दोरीसारखी शेवटची कंडरा जाते, इथे मात्र मांसच सांध्याला चिकटून आहे. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, मालिशीच्या प्रश्नात ती पुन्हा येणार आहे.

### किती हलले म्हणजे पुरे?

पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य अंश, पूर्ण दुमडलेला म्हणजे सुमारे १४० ते १४५ अंश. ऑपरेशननंतर हे सगळे परत मिळेल अशी आशा प्रत्येकाला असते. मोठ्या माणसाचे गुंतागुंतीचे फ्रॅक्चर असेल तर बहुतेकदा सगळे मिळत नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगते, कारण सहाव्या महिन्यात कळले तर त्याचा घाव फार बसतो.

पण सगळे लागतेच असे नाही. १९८१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ३३ निरोगी माणसांच्या कोपरांना मोजमापाची यंत्रे लावून रोजच्या १५ कामांना किती हालचाल लागते ते तपासले गेले. बहुतेक कामे ३० ते १३० अंशांच्या मधल्या शंभर अंशांत होतात असे दिसले. तळहात वर आणि खाली प्रत्येकी ५० अंश फिरला तरी पुरे. म्हणजे हात थोडा वाकडा राहिला तरी घास तोंडापर्यंत जातो, तोंड धुता येते, दाराची कडी लावता येते. मोबाइल कानाला लावणे हे त्यातले अवघड काम, त्याला हात आणखी दुमडावा लागतो. ज्यांचा तेवढा दुमडत नाही त्यांनी सरळ कानात हेडफोन घालावा.

हात सरळ न होणे डोळ्यांना दिसते, म्हणून सगळे त्याचीच काळजी करतात. रोजच्या जगण्यात दुमडण्याची कमतरता जास्त छळते. सरळ न होणारा हात लांबची वस्तू घ्यायला एक पाऊल पुढे टाकून निभावतो. न दुमडणाऱ्या हाताने जेवता येत नाही, वेणी घालता येत नाही. तळहात फिरण्याचेही तसेच. तो खाली वळत नसेल तर खांदा बाजूला उचलून भाकरी थापता येते. वर वळत नसेल तर खांदा मदतीला येत नाही. ओंजळीत पाणी घ्यायचे, तीर्थ घ्यायचे, दुकानदाराकडून सुटे पैसे घ्यायचे म्हटले की हात अडतो.

### कोपर इतके आखडते का?

कोपराच्या फ्रॅक्चरनंतरची सगळ्यात मोठी अडचण आखडणे हीच आहे. जंतू, नस, न जुळलेले हाड, हे सगळे तिच्यामागे.

हाड मोडले की पिशवी रक्ताने भरते. भरलेली पिशवी साधारण ७०-८० अंशांवर सगळ्यात सैल असते, म्हणून माणूस नकळत हात तिथेच धरतो आणि गळ्यातल्या झोळीत ठेवतो. दुखत असल्याने तो हलवत नाही. तेवढ्यात शरीर आपले दुरुस्तीचे काम सुरू करते. पिशवीत नव्या पेशी येतात, त्या जखम आवळून घेतात. कातडीवर व्रण आकसतो, तसाच हा आतला व्रण. कोल्हापुरी चप्पल पावसात भिजली आणि कोपऱ्यात तशीच वाळली तर ती ज्या आकारात वाळते त्याच आकारात कडक होते. पायात घालून चालत राहिलात तर ती पायाच्या आकाराने वाळते. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पिशवी काही आठवड्यांत चामड्याच्या पट्ट्यासारखी जाड होते, आणि ती कोणत्या लांबीची व्हावी हे त्या आठवड्यांत हात किती हलला यावर ठरते.

मार बसताना स्नायू, कातडी, हाड सगळेच चिरडले असेल तर आखडणे जास्त. एसटीत खिडकीबाहेर हात काढू नका अशी सूचना असते. खिडकीच्या काठावर कोपर टेकवलेले असताना समोरून दुसरी गाडी घासून गेली की जी दुखापत होते, ती मी पाहिलेल्या सगळ्यात वाईट कोपरांपैकी आहे. ट्रक आणि टेम्पो चालवणाऱ्यांनी हे वाचावे आणि हात आत घ्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

### “आणखी पंधरा दिवस प्लॅस्टर ठेवलं तर हाड पक्कं होईल ना?”

हा आक्षेप अगदी समजण्यासारखा आहे. मोडलेली वस्तू चिकटवली की आपण ती हलवत नाही. पण मोठ्या माणसाचे कोपर तीन आठवड्यांहून जास्त एकाच जागी बांधून ठेवले की ते आखडणार, हे हाडांचे डॉक्टर धरूनच चालतात. प्लेट आणि स्क्रू बसवण्याचे एक मोठे कारण हेच आहे. धातू तुकड्यांना धरून ठेवतो, म्हणून हाड जुळत असतानाच हात हलवता येतो. ऑपरेशन करून घेऊन नंतर दोन महिने हात झोळीत ठेवला तर त्या ऑपरेशनचा अर्धा फायदा हातचा गेला.

किती आणि कधी हलवायचे हे मात्र ऑपरेशन करणाऱ्यानेच सांगायचे. हाड ठिसूळ असेल, स्क्रूला पकड कमी मिळाली असेल, बाजूचे बंध शिवले असतील, तर ते एखादी दिशा काही आठवडे बंद ठेवतात. कोपराचे मागचे टोक जोडलेले असेल तर साधारण सहा आठवडे त्या हाताने जोर लावून ढकलायचे नसते. जमिनीवर जेवायला बसणाऱ्या आपल्या घरांत हा नियम दिवसातून चारदा मोडतो, कारण उठताना हाताचा टेका आपोआप जातो. तेवढे दिवस खुर्चीवर बसा.

परवानगी मिळाली की व्यायाम साधे असतात. एक मला विशेष आवडतो. पाठीवर झोपा, दंड छताच्या दिशेने उभा करा, दुसऱ्या हाताने मनगटाला नुसता आधार द्या आणि कोपर सावकाश दुमडू द्या, मग सावकाश सरळ करा. या स्थितीत हाताचे वजनच मदत करते आणि सांधा जागेवर राहतो. दर दोन तासांनी पाच मिनिटे करणे हे संध्याकाळी एकदम तासभर करण्यापेक्षा कितीतरी चांगले. ताण जाणवेल, थोडे दुखेलही. व्यायाम थांबवल्यावर अर्ध्या तासात दुखणे उतरले तर ठीक. रात्रभर ठणकले आणि सकाळी सूज वाढली तर जास्त झाले, दुसऱ्या दिवशी कमी करा.

### मालिश, बादली आणि नको तिथे उगवणारे हाड

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे येते.

हात आखडला की घरात दोन सल्ले हमखास मिळतात. कुणी म्हणते, “अमक्या गावाला हाडवैद्य आहे, तेल लावून चोळून देतो, कडाकड मोकळं करतो.” कुणी म्हणते, “पाण्याची भरलेली बादली धरून उभी राहा, वजनाने हात सरळ होईल.”

कोपरासमोर स्नायूचे मांस थेट पिशवीला टेकलेले असते असे वर सांगितले. पडताना ते मांस फाटते, त्यात रक्त साचते. शरीर त्या वेळी हाड जुळवण्याचे संदेश त्या भागात पाठवत असतेच. फाटलेल्या मांसातल्या काही पेशी तो संदेश आपल्यासाठीच आहे असे समजून हाड बनवू लागतात. नको त्या जागी हाड, एवढेच या आजाराचे वर्णन. एक्स-रेवर ते साधारण तीन ते सहा आठवड्यांत कापसाच्या पुंजक्यासारखे दिसू लागते आणि नंतर घट्ट होते. मोठे झाले तर दाराच्या फटीत दगड अडकावा तसा सांधा तिथेच थांबतो.

जोराने चोळले, झटका देऊन वाकवले की बरे होऊ पाहणारे मांस पुन्हा फाटते. सशांवर झालेल्या प्रयोगांत त्यांचे मागचे पाय बांधून ठेवून रोज मध्येच जोराने वाकवले, तेव्हा मांडीच्या स्नायूंत हाड तयार झाले. आधी हालचाल बंद आणि मग एकदम जोर, ही जोडी ओळखीची वाटते ना? दीड महिना झोळी आणि त्यानंतर हाडवैद्य, असाच आपल्याकडचा क्रम असतो.

बादलीने हाड उगवलेच पाहिजे असे नाही, पण तिने हात सरळही होत नाही. वजन लटकले की दंडाचा पुढचा स्नायू ते पेलण्यासाठी आवळतो, आणि तोच तर सैल व्हायला हवा असतो. वर ते वजन नव्याने जोडलेल्या हाडावर आणि स्क्रूंवर ओढ देते.

“पण मालिशीने रक्त फिरतं, आमच्या आजोबांचा हात असाच बरा झाला होता.” झाला असेल. साधा मुका मार, लचक, किंवा नुसती चीर पडलेले हाड चोळूनही बरे होते आणि न चोळताही. ज्यांचे बिघडले ते वैद्याकडे परत जात नाहीत, ते आमच्याकडे येतात, म्हणून गावात फक्त बरे झालेल्यांच्या गोष्टी फिरतात. टाके निघून कातडी पूर्ण भरल्यावर व्रणावर बोटाने हलके तेल फिरवायला हरकत नाही. त्याने कातडी मऊ राहते. कोपराचे मांस मळायचे नाही आणि सांध्याला झटका द्यायचा नाही, एवढाच माझा हट्ट आहे. हाच नियम फिजिओथेरपिस्टलाही लागू आहे. तुम्ही ओरडेपर्यंत कोपर दाबणारा कुणीही असो, त्याला थांबवा.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. कुणीही हात न लावता, सगळे नियम पाळूनही असे हाड येते. सांधा निखळून मोडला असेल, डोक्यालाही गंभीर मार असेल किंवा भाजले असेल, तर ते जास्त दिसते. तेव्हा ज्याला झाले त्याच्यावर “तूच काहीतरी केलं असशील” असे म्हणून खापर फोडू नका.

खूण अशी: हात दिवसेंदिवस सुधारत होता, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात तो मागे जाऊ लागला, कोपर गरम आणि टणक लागते. मग एक्स-रे काढा. जोखीम जास्त असेल तर डॉक्टर काही आठवडे सूज उतरवणाऱ्या गोळ्या देतात. त्या पोट आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, म्हणून मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. किरणोत्साराचा एक डोस देऊन हे हाड रोखता येईल का, हेही ताज्या फ्रॅक्चरवर तपासून पाहिले आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेली ती अमेरिकेतली चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण किरण दिलेल्यांमध्ये जुळायला हवे ते हाडही जुळेनासे झाले.

### करंगळीतल्या मुंग्या

कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की करंगळीपर्यंत करंट जातो, तो हाडाचा नसतो. आतल्या बाजूला, कोपराच्या टोकाजवळच्या खोबणीतून एक मोठी नस जाते. नस म्हणजे इथे रक्ताची नव्हे, मेंदूचे निरोप नेणारी तार. ती कातडीच्या लगेच खाली आहे. फ्रॅक्चर होताना ती ताणली जाते, ऑपरेशनमध्ये ती हाताळून बाजूला धरावी लागते, आणि नंतर व्रणात किंवा सुजेत ती आवळली जाऊ शकते.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होणे ही पहिली खूण. दुसरी खूण ताकदीची. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या कडेत कागद धरून दुसऱ्याला ओढायला सांगा. दोन्ही हातांनी करून पाहा. ऑपरेशनच्या बाजूने कागद सटकत असेल, बोटे फाकवता येत नसतील, पंजाच्या मागच्या बाजूला हाडांमधले मांस खपलेले दिसत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. ऑपरेशननंतर लगेच आलेल्या हलक्या मुंग्या पुष्कळदा आपोआप जातात. वाढत जाणाऱ्या मुंग्यांना नस मोकळी करण्याचे ऑपरेशन लागू शकते.

इथे धीर फार लागतो. नस पुन्हा वाढते ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. कोपरापासून पंजाच्या स्नायूंपर्यंतचे अंतर जवळपास तीस सेंटिमीटर. म्हणजे तीनशे दिवस. तोवर रात्री हात पूर्ण दुमडून डोक्याखाली घेऊन झोपू नका आणि कोपर टेकून बसू नका.

एक गोष्ट मनाला लागते म्हणून लिहिते. ही नस बिघडली की करंगळी आणि शेजारचे बोट आकड्यासारखे आत वाकते. कुष्ठरोगही याच जागी याच नसेला धरतो, म्हणून बोटे तशीच दिसतात. गावात लगेच कुजबूज सुरू होते, सोयरीक अडते. लहानपणी कोपर मोडलेल्या माणसाला ही लक्षणे वीस-पंचवीस वर्षांनीही येऊ शकतात, कारण वाकड्या जुळलेल्या कोपरावरून नस वर्षानुवर्षे ताणली जाते. अशी बोटे दिसली तर माणसाला दवाखान्यात न्या. कारण दोन्हींपैकी कोणतेही असो, दोन्हींवर उपचार आहेत.

### जंतू, न जुळणारे हाड आणि मशेरी

जखमेतून पाणी येत राहणे, लाली पसरणे, ताप येणे यात “बघू दोन दिवस” नको. धातूवर जंतू बसले की हौदाला शेवाळ धरावे तसा चिकट थर करतात, त्यात औषध नीट शिरत नाही आणि बऱ्याचदा आत धुवावे लागते. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणे हा या उपचाराचाच भाग समजा.

हाड न जुळण्यात तंबाखूचा वाटा मोठा आहे. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांची हाडे उशिरा जुळतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळते. मी “तंबाखू घेता का?” विचारले की बायका “नाही” म्हणतात आणि ते त्यांच्या मते खरेच असते. मग मी “मशेरी लावता का?” विचारते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. निदान हाड जुळेपर्यंत तरी ती डबी बाजूला ठेवा.

### लहान मुलांचा हात वेगळा

झाडावरून, पलंगावरून, झोपाळ्यावरून हातावर पडलेल्या पाच-सात वर्षांच्या मुलाचे हाड बहुतेकदा कोपराच्या जरा वर मोडते. सरकले असेल तर बारीक तारा घालून जागेवर धरतात आणि तीन-चार आठवड्यांनी काढतात. मोठ्यांना सांगितलेले आखडण्याचे सगळे भय इथे बाजूला ठेवा. मुलाला व्यायाम लावू नका, ओढू नका, चोळू तर अजिबात नका. खेळायला सोडा. हालचाल काही महिन्यांत आपोआप येते. आजीच्या हातातली तेलाची वाटी प्रेमाने काढून घ्यावी लागली तरी घ्या.

मुलांच्या बाबतीत जागते राहायचे ते पहिल्या दोन-तीन दिवसांत. सुजेमुळे किंवा घट्ट पट्टीमुळे हाताच्या मांसात दाब वाढला की रक्त पोचत नाही, आणि काही तासांत मांस मरू लागते. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ साली घट्ट पट्ट्यांनंतर कायमचे आखडलेले पंजे पाहून याचे कारण रक्त न पोचणे हे आहे, असे मांडले. बांबूच्या कामट्या आवळून बांधलेला हात घेऊन येणारी मुले अजून दिसतात. ऑपरेशननंतरच्या प्लॅस्टरमध्येही हे होऊ शकते.

मूल औषध देऊनही शांत होत नाही, दुखण्याची गोळी पुन्हा पुन्हा मागते, बोट हळूच सरळ केले तरी किंचाळते, बोटे थंड किंवा पांढरी पडतात. यातले काहीही दिसले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. बोटे हलताहेत, नाडी लागतेय म्हणून थांबू नका, त्या खुणा उशिरा जातात.

### “मग ऑपरेशनच नको होतं का?”

तरुण माणसाचा सांधा तुकडे होऊन सरकला असेल तर ऑपरेशनला पर्याय नाही. न केल्यास हात आखडेल, वाकडा जुळेल आणि झिजेल. वयस्करांचे मात्र वेगळे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरात ७५ वर्षांवरच्या लोकांच्या कोपराच्या मागच्या टोकाच्या फ्रॅक्चरवर एक तुलना झाली, अर्ध्यांना ऑपरेशन आणि अर्ध्यांना नुसती झोळी. ऑपरेशन झालेल्यांत गुंतागुंत इतकी जास्त निघाली की ती तुलना मध्येच थांबवली. २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. माणसे थोडीच होती, तरी आजीच्या बाबतीत “ऑपरेशन न करता काय होईल?” असे डॉक्टरांना विचारायला बिचकू नका. दंडाच्या हाडाचा खालच्या टोकाशी भुगा झाला असेल तर वयस्करांत कृत्रिम सांधाही बसवतात. तो लवकर हलतो, पण त्या हाताने जन्मभर जड उचलायचे नाही. साधारण दोन ते पाच किलोची मर्यादा सांगतात, म्हणजे भरलेली कळशीही नाही.

गोविंदा पथकातली मुले मला नीरज चोप्राचे उदाहरण देतात. २०१९ मध्ये मुंबईत त्याच्या उजव्या कोपराचे ऑपरेशन झाले आणि २०२१ मध्ये टोकियोत सुवर्ण. उमेद म्हणून ते जवळ ठेवा, हिशेब म्हणून नको. त्याचे कोपर उंचावरून पडून चुरगळलेले नव्हते.

### किती दिवस, आणि प्लेट काढायची का?

हालचालीतली मोठी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, थोडी थोडी वर्षभर होत राहते. सहा महिन्यांनंतर गाडी एका जागी अडली आणि रोजची कामे होत नसतील, तर जाड झालेली पिशवी सोडवण्याचे किंवा नको तिथले हाड पक्के झाल्यावर ते काढण्याचे ऑपरेशन करता येते. त्याने बऱ्याच जणांना चांगला फरक पडतो, पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तोच दर दोन तासांचा व्यायाम करायची तयारी असेल तरच.

धातू त्रास देत नसेल तर आयुष्यभर आत राहू शकतो. थंडीत ठणकते म्हणून तो गंजला असे होत नाही. कोपराच्या मागच्या टोकावर मात्र कातडी आणि हाड यांच्यात काहीच मांस नसते, त्यामुळे तिथल्या तारा टोचतात, टेबलावर हात टेकवत नाही, कधी टोक कातडीशी येते. अशांना हाड पूर्ण जुळल्यावर तारा काढून देतात. काढल्यावर स्क्रूची भोके भरेपर्यंत काही आठवडे हाड तिथे नाजूक असते. तेवढे दिवस गाडीला किक मारू नका आणि बंद पडलेली गाडी ढकलायलाही उतरू नका.